चाकाची बोट तहानली तेव्हा

मी स्वभावाने तापट. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यातलं निम्मं या तापटपणामुळे घडलं आणि उरलेलं निम्मं मला फार कळतं या माझ्या समजुतीमुळे. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी दासगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. राहायला महाडला, सोबत आई, आणि रोज एसटीने ये-जा. शाळेच्या खिडकीतून सावित्रीची खाडी दिसायची. ओहोटी लागली की काठच्या चिखलात रुतलेलं एक लाकडी धूड हळूहळू वर यायचं. त्याच्या एका बाजूला माणसाच्या दीडपट उंचीचं लोखंडी चाक होतं. दुसऱ्या बाजूचं चाक कधीच गेलं होतं, नुसता गंजलेला आस बाहेर आलेला. कोळणी त्या चाकावर जाळी वाळत घालायच्या. गावात तिला कुणी बोट म्हणत नसे. सगळे तिला 'चाकाची' म्हणत. "चाकाचीपाशी भेट" म्हटलं की कुठे भेटायचं ते शेंबड्या पोरालाही कळायचं.

चाकाचीसमोर, काठावरच्या उंडिणीच्या झाडाखाली एक म्हातारा रोज बसलेला असायचा. सत्तरीच्या पुढचा, चौकड्याची लुंगी, डोक्याला जाळीची टोपी, आणि हातात विणायला घेतलेलं जाळं. तो चाकाचीचा शेवटचा सारंग. सारंग म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. गाव त्याला चाचा म्हणत असे, म्हणून मीही चाचाच म्हणू लागलो. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. माझ्या जाण्यामागे मतलब होता, तो पुढे सांगतो.

चाचा सांगत ते असं. चाकाची मुळात आपल्याकडची नव्हेच. कुठल्याशा संस्थानातल्या तलावावर राजेसाहेबांना संध्याकाळचं फिरवायला ती बांधली होती. सागाची फळी, पितळेच्या मुठी, बसायला गाद्या. "राजा फिरून फिरून दमला नि ही इकडं आली," चाचा म्हणायचे. "तलावात पाच माणसं घेऊन गोल गोल फिरायची. उतारू म्हणजे काय ते आमच्या खाडीनं शिकवलं तिला." एका बोट कंपनीने ती विकत घेऊन बाणकोट ते दासगाव अशी चालवली. खाडी वरच्या अंगाला उथळ. खाली पंखा असलेली बोट चिखलात रुतायची, पण चाकाचीची दोन्ही चाकं वरच्या वर पाणी कापायची. कमरेइतकं पाणी असलं तरी ती चालायची. भरतीबरोबर वर यायची, ओहोटीबरोबर खाली जायची. तिचं वेळापत्रक कंपनीच्या कचेरीत नव्हतं, चंद्राकडे होतं.

चाचांचे वडील तिच्यावर खलाशी होते. चाचा आधी भट्टीत कोळसा घालायला होते, मग सुकाणूवर आले. माहेरवाशिणी, चाकरमानी, मिठाची पोती, कौलं, कोंबड्या, सगळं तिने वाहिलं. पुढे रस्ता झाला, एसटी आली. एसटी भरतीची वाट बघत नाही. मग बॉयलर काढून विकला गेला आणि चाकाचीला बांबूने ढकलत तिच्यातून कौलं नेऊ लागले. माल चढवायला अडतं म्हणून एक चाकही काढलं. शेवटी कंपनीच बुडाली आणि चाकाची जिथे होती तिथेच राहिली.

आता माझा मतलब. माझे वडील या बोटीत बसले होते.

आमचं मूळ गाव खाडीच्या खालच्या अंगाला. वडील त्या काळी वीस वर्षांचे. आमच्या लोकांना बोटीत मनाई नव्हती, तिकीट सगळ्यांना सारखंच. पण चढल्यावर मागे कोळशाच्या ढिगाशेजारी उभं राहायचं, कुणाला धक्का लागणार नाही असं, ही रीत होती. रीत कुठे लिहिलेली नसते, म्हणून ती पुसताही येत नाही. पुढे महाडला चवदार तळ्याचं पाणी घ्यायला माणसं निघाली. जमिनीच्या वाटेने आली तशी खाडीनेही आली, आणि दासगावच्या बंदरात उतरून चालत महाडला गेली. वडील त्यांत होते. त्या प्रवासाबद्दल ते फारसं बोलले नाहीत. तळ्याबद्दल बोलायचे, बोटीबद्दल एकच गोष्ट सांगायचे. "त्या दिवशी आम्ही बोटीत उभे नव्हतो. बसलो होतो. फळीवर, पाय सोडून." एवढंच. मला नोकरी लागायच्या वर्षभर आधी ते गेले. त्यांचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. आहे ते हे वाक्य आणि चिखलातली ही बोट.

म्हणून ओळख झाल्यावर आठवड्याभरातच मी चाचांना विचारलं, "तळ्याच्या त्या दिवसांत तुम्ही बोटीवर होतात ना? एक उंच, काळेसावळे, डाव्या भुवईवर व्रण असलेले गृहस्थ आठवतात का?"

चाचांनी जाळ्याची गाठ मारली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नाय, मास्तर. लई माणसं होती. मी भट्टीजवळ. मला नाय आठवत."

खरं सांगतो, मला राग आला. त्यांचं काय गेलं असतं हो म्हणायला? पण चाचा तसले नव्हते. त्यानंतर मी दोन-तीनदा तोच प्रश्न आडवळणाने विचारला आणि दर वेळी तेच उत्तर मिळालं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पोलादपूरहून एक भंगारवाला ट्रक घेऊन आला. गॅसने लोखंड कापायचं सामान बरोबर. त्याला चाक हवं होतं. त्याचीही काही चूक नव्हती, बेवारशी लोखंड दिसलं तर त्याचा धंदाच तो. पण मला वर्गातून ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. खडू हातात तसाच घेऊन मी धावत सुटलो आणि चिखलात शिरून चाकापुढे आडवा उभा राहिलो. ओरडत काय होतो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मांडीपर्यंत रुतलो होतो आणि हलता येत नव्हतं. भंगारवाला हसला आणि "पावसानंतर येतो" म्हणून निघून गेला. दोन कोळणींनी मला काखेत धरून उपटलं. एक चप्पल चाकाचीने ठेवून घेतली.

"मास्तरांच्या चपलेपायी बोट वाचली गो बाय!" त्यातली एक दुसरीला म्हणाली, आणि सबंध गावात मी महिनाभर 'चपलेचे मास्तर' झालो.

मग मी समिती काढली. मराठी माणसाचं डोकं तापलं की तो एक तर भांडतो नाही तर समिती काढतो. मी दोन्ही केलं. अध्यक्ष म्हणून गावातले लाकडाच्या वखारीचे मालक घेतले. भला माणूस. दासगावातल्या आमच्या बौद्धवाडीतल्या मुलांना शाळेत बसायला बाकं त्यांनीच दिली होती. ठरलं असं, की दिवाळीनंतर चाकाचीला चिखलातून काढायचं, शाळेच्या मैदानात आणून ठेवायचं, वर पत्र्याचं छप्पर घालायचं, आत-बाहेर ऑइलपेंट लावायचा आणि समोर फलक. अध्यक्षांचं म्हणणं, फलकावर एखादं मोठं नाव हवं. ते चाचांकडे गेले, मीही बरोबर होतो.

"तळ्याच्या वेळी मोठे साहेब स्वतः हिच्यातूनच आले ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय," चाचा म्हणाले. "ते दुसऱ्या बोटीनं आले. हिच्यात साधी माणसं होती."

"पण म्हणायला काय हरकत आहे? खाडी तीच, दिवस तेच."

"हरकत हाय," चाचा म्हणाले. "मी सारंग हाय, शेठ. कोण बसलं नि कोण नाय, ते मलाच ठावं असलं पायजे."

अध्यक्ष हिरमुसले. माझ्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. साधी माणसं म्हणे! ती अध्यक्षांच्या फलकाला पुरत नाहीत वाटतं? मी अध्यक्षांशी तिथेच वाद घातला. शेवटी फलकावर नुसतं 'ऐतिहासिक बोट' लिहायचं ठरलं.

निघताना चाचांनी मला हाक मारली. "मास्तर, एक सांगू? होडी वर काढतात ती पावसासाठी. उन्हासाठी नाय."

मी घाईत होतो. शिवाय डोक्यात वाद घुमत होता. दरवर्षी मृगाआधी सगळ्या होड्या काठावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या मी पाहत होतो. होडी वर काढली की सुखरूप, एवढं मला कळत होतं, आणि त्यात न कळण्यासारखं काय आहे असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "चाचा, बोट चालवणं वेगळं आणि जतन करणं वेगळं. ते आता आमच्यावर सोडा."

चाचांनी जाळं गोळा केलं, लुंगीची माती झटकली आणि घराकडे चालू लागले. त्या दिवसानंतर उंडिणीखाली ते दिसले नाहीत.

चाकाचीला बाहेर काढली तो दिवस मात्र असा होता की अजूनही आठवला की अंगावर रोमांच उभे राहतात. पौर्णिमेच्या उधाणाला ती चिखलातून जराशी सुटली, तेवढ्यात माशाचं तेल माखलेले ओंडके तिच्याखाली सारले. दोरखंडाला सगळा गाव लागला. कोळीवाडा, मोहल्ला, आमची बौद्धवाडी, नाते गावाकडून बाजाराला आलेले शेतकरीसुद्धा पिशव्या खाली ठेवून धरायला आले. "हेऽ हैसा!" म्हटलं की ती हातभर सरकायची. अध्यक्षांचा सदरा फाटला. माझे तळहात सोलून निघाले. संध्याकाळपर्यंत ती मैदानात आली, आणि शंभर जण तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले. चिखल धुतल्यावर तिच्या कठड्यावरची वेलबुट्टी दिसली, राजाच्या वेळची. माझी आई महाडहून मुद्दाम आली होती. तिने चाकाचीच्या आतल्या फळीवरून हात फिरवला आणि "हितंच बसले आसतील" एवढंच म्हणाली.

चाचा आले नाहीत. मला ते बोचलं, पण कामात विसरून गेलो.

छप्पर झालं, रंग झाला. पांढरा आणि निळा. शिवथरच्या घळीकडे निघालेली सहलीची एसटी मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या मैदानात थांबली, पोरांनी बोट बघितली. मी छाती पुढे काढून माहिती सांगत होतो. दोन महिने मला कुणी जमिनीवर पाय ठेवताना बघितलं नसेल.

मग शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं. महाडचं ऊन ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. चारी बाजूंनी डोंगर, वारा नाही, आणि त्यात वर पत्रा. एका दुपारी आठवीच्या वर्गात मी ओलावा हा धडा शिकवत होतो. पावसाळ्यात दारं का घट्ट बसतात? लाकूड पाणी पितं, फुगतं. उन्हाळ्यात का सैल होतात? लाकूड सुकतं, आकसतं. फळ्यावर आकृती काढत होतो. तेवढ्यात बाहेरून 'टक्' असा आवाज आला. थोड्या वेळाने परत 'टक्'. मला वाटलं, मागच्या बाकावरचं कुणी तरी खिडकीतून चाकाचीवर खडे मारतंय. माझा पारा चढला. सगळ्या वर्गाला उभं केलं, हात वर करायला लावले, आणि मोठं भाषण ठोकलं, आपला वारसा वगैरे. भाषण चालू असतानाच, सगळ्यांचे हात वर असतानाच, बाहेर तिसऱ्यांदा 'टक्' झालं.

मी खिडकीशी गेलो. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

चाकाचीच्या आत शिरलो तेव्हा तिच्या पोटात उजेड होता. दोन फळ्यांच्या मधून, चार फळ्यांच्या मधून, सगळीकडून उन्हाच्या रेघा आत येत होत्या. एका फटीत माझी करंगळी गेली. निळ्या रंगाचे पोपडे पायाखाली कुरकुरत होते. माझ्या डोळ्यांसमोर एक खिळा सुटला आणि फळी 'टक्' करून उकलली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! फळ्यावरचा लाकडाचा धडा फळ्यावरच राहिला होता. मी तिथेच बसलो. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

वर्गात परत आलो तर पोरं अजून हात वर करून उभी. "बसा," म्हणालो. "चूक माझी आहे." त्यांना काही कळलं नाही.

दोन दिवस मी फटींत रंगाऱ्याची लांबी भरली, डांबर ओतलं. ऊन वाढलं तसं डांबर पातळ होऊन गळालं आणि फटी आणखी रुंद झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "अहो, लाकूड वाळलेलंच चांगलं. काळजी करू नका." वखारीतल्या लाकडाला ते खरं होतं. पण चाकाची आता उन्हात किती दिवस टिकेल हे मला बघून कळत होतं. वैशाख अजून पुढे होता.

रविवारी सकाळी मी चाचांच्या दारात गेलो. ते ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. चप्पल काढली आणि उभा राहिलो.

"चाचा, मी तुमचा अपमान केला. बोट मरतेय. काय करू सांगा."

बोलतील, चार शब्द ऐकवतील, अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "बसा आधी," म्हणाले. मग हळूच विचारलं, "तिला पाणी पाजलंत का कुणी?"

"नाही."

"चार महिने?"

मी मान खाली घातली.

"ती तानेली हाय, मास्तर. दुसरं काय नाय झालं तिला." चाचा उठले, पायात वहाणा सरकवल्या. "जनम गेला तिचा पाण्यात. वर काढलीत, वर पत्रा घातलात. आमी पावसात होडी वर घेतो, कारण पावसाचं पाणी गोडं. गोडं पाणी लाकडाला कुजवतं, खारं टिकवतं. हवा दमट असते, होडी सुकत नाय. उन्हात कोण वर ठेवतं होडी? अन् रंग काढा तो. तिच्या तोंडाला फडकं बांधलंयत तुमी."

पुढचे तीन आठवडे आम्ही चाकाचीला पाणी पाजलं. चाचांनी हुकूम सोडायचे, आम्ही राबायचं. एकदम ओतायचं नाही, नाही तर फळी मुरडते. आधी तळाला ओली पोती, मग कुशींना, रोज हातभर वर. विहिरीचं पाणी नाही, खाडीचंच, तेही भरतीचं. पोरांनी काचेच्या तुकड्यांनी रंग खरवडला. कोळणी, मोहल्ल्यातल्या बाया, आमच्या वाडीतल्या बाया, खाडीपासून मैदानापर्यंत रांग लावून हंडे पुढे देऊ लागल्या. मी रांगेच्या मधे उभा होतो. हंडा कुणाच्या हातातून येतो आणि कुणाच्या हातात जातो ते मी बघत होतो. ते बघायची आमच्या घराण्याला सवयच आहे. कुणीच विचारत नव्हतं, कुणीच कचरत नव्हतं. क्षणभर मला भरून आलं. मग आईने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "येवढा हुरळू नको. खारं पानी कधी बाटत नाय." आई माझी अशी होती. पण हंडा तिने कोळणीच्याच हातातून घेतला, आणि दोघी हसत होत्या.

लाकूड फुगायला लागलं. फटी बारीक झाल्या, काही मिटल्या. उरलेल्या फटींत चाचांनी स्वतः कापूस आणि राळ ठासली. आठवड्याभरात आवाज थांबले. मी आनंदाने म्हणालो, "चाचा, वाचली!"

"आज वाचली," चाचा म्हणाले. "असं रोज पाणी कोण घालणार? तुमची बदली झाली की? मी गेलो की?"

"मग?"

"मग तिला परत खाडीत न्या. पलीकडं डोह हाय, ओहोटीलाही तिथं दोन पुरुस खोल पाणी राहतं. तिथं बुडवा. तळाला गाळ हाय, गाळ बसला की लाकडाला कीड लागत नाय, हवा लागत नाय. माझा बाप म्हणायचा, टिकवायची ती होडी बुडवून ठेवावी. अन् तुमच्या भंगारवाल्याचा गॅस पाण्याखाली नाय चालत."

मला पटलं आणि पटलंही नाही. जतन करायची म्हणून गावाला राबवून जी वर काढली, ती बुडवायची? कुणाला दिसणार नाही अशी? समितीत अध्यक्ष माझ्यावर भडकले. "मास्तर, तुम्हीच काढायला लावलीत, तुम्हीच बुडवायला लावताय. लोक तोंडात शेण घालतील." त्यांचं खरंच होतं. आणि मला आत एक वेगळीच भीती होती, जी मी कुणालाच सांगितली नाही. ती दिसेनाशी झाली की वडिलांचं जे उरलंय तेही गेलं. मग माझ्याकडे नुसतं वाक्य राहणार, आणि वाक्य तर मलाच ठाऊक. खरं की कसं, हे सांगणारं कुणी नाही.

दोन दिवस मी समितीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी मैदानात गेलो, चाकाचीच्या ओल्या फळीला हात लावला. दिसावी म्हणून ती मरू द्यायची की जगावी म्हणून दिसेनाशी होऊ द्यायची, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला दोन उत्तरं नव्हती. अध्यक्षांकडे जाऊन मी सांगितलं, "शेण माझ्या तोंडात घालू द्या." त्यांनी वखारीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "ओंडके वखारीतून घेऊन जा."

वैशाखी अमावास्येचं उधाण. सकाळची भरती. त्याच ओंडक्यांवरून, त्याच दोरखंडाने चाकाची उलटी गेली. या वेळी "हैसा" म्हणणारे आवाज कमी होते. पाणी तिच्या तळाखाली शिरलं, आणि मग, कुणी ढकलत नसताना, ती आपली आपण उचलली गेली आणि तरंगू लागली. कित्येक वर्षांनी ती तरंगत होती.

दोन होड्यांनी ओढून तिला डोहाकडे नेली. आत आम्ही दोघंच, चाचा आणि मी. चाचा सुकाणूच्या जागी उभे होते. सुकाणू नव्हतं, पण हात तसाच धरलेला. फटींतून पाणी थोडं थोडं येत होतं. डोहावर आल्यावर होड्यांनी दोर सोडले. तळात दगड आधीच भरून ठेवले होते. फक्त तळाच्या भोकाचं बूच काढायचं होतं.

चाचा मागे वळले. मी मागच्या बाजूला, जिथे पूर्वी कोळसा असायचा तिथे, कठड्याला धरून उभा होतो. का कुणास ठाऊक, पाय आपसूक तिथेच गेले होते.

"बसा, मास्तर," चाचा म्हणाले.

"राहू द्या. उतरायचंच आहे आता."

"बसा म्हणतो ना." ते स्वतः फळीवर बसले आणि शेजारी हात थोपटला. "तुमी मला दहादा विचारलंत, तुमचा बाप आठवतो का. नाय आठवत. आजबी नाय आठवत. खोटं कशाला सांगू? पण त्या दिवसाचं एक आठवतं. माझा बाप वरून खाली भट्टीपाशी आला नि मला म्हणाला, आज कोळशाजवळ कुणाला उभं राहू द्यायचं नाय, जागा करून दे. मी करून दिली. माणसं बसली. दासगाव येईपर्यंत हिच्यात त्या दिवशी एकबी माणूस उभा नव्हता."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. फळीवर, पाय सोडून.

चाचांनी वाकून बूच उपटलं. पाणी आत यायला लागलं. बाजूच्या होडीतून पोरं हाका मारत होती, "चाचा, या! मास्तर, या!" पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. तोवर आम्ही दोघंही उठलो नाही.